शिक्षकांचं 'बहुसांस्कृतिक वर्ग' प्रशिक्षण: दोन दिवसांत नेमकं काय करावं?

डोंगरवाट

नमस्कार मंडळी,

आमच्या तालुक्यातल्या प्राथमिक शिक्षकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण लागलंय आणि 'बहुसांस्कृतिक वर्ग व संवेदनशीलता' हे सत्र माझ्या गळ्यात पडलंय, सुलभक म्हणून. सोबत पीपीटी आलीय. तिच्यात पृथ्वीगोलाभोवती हात धरून उभी असलेली रंगीबेरंगी मुलं आहेत आणि पुढच्या स्लाइडवर 'विविधतेत एकता'. ही पीपीटी वाचून दाखवली तर समोरचे दोनशे शिक्षक जेवणाच्या सुट्टीची वाट बघणार, आणि त्यांचं काही चुकलंय असं मी म्हणणार नाही.

आमचा तालुका सातपुड्यातला. पाड्यांवरची मुलं घरी पावरी किंवा भिली बोलतात. दिवाळीनंतर निम्मा पट ऊसतोडीला निघून जातो आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परत येतो. तालुक्याच्या गावी बांधकामावर आलेल्या हिंदीभाषक मजुरांची मुलं, उर्दू बोलणारी मुलं, व्यापाऱ्यांची गुजराती मुलं. शिकवणारे बरेचसे बाहेरच्या जिल्ह्यांतून बदलून आलेले.

माझं मत आधीच सांगून टाकते. 'मन मोठं करा' हे सांगण्यात दोन दिवस घालवायचे नाहीत. सोमवारी शाळेत गेल्यावर काय वेगळं करायचं, एवढंच घ्यायचं. तर तुमच्या शाळेत, ऑफिसात, परदेशात असं काही प्रशिक्षण झालं असेल, तर त्यातलं काय टिकलं आणि काय वाऱ्यावर गेलं ते लिहा. धागा राजकारणाकडे नेऊ नये ही विनंती (नेणार आहात, माहीत आहे).

मेळघाटी

छान विषय. अर्धी नोकरी धारणी-चिखलदऱ्याकडे गेली, म्हणून लिहितो.

पहिलं म्हणजे, तिकडची मुलं घरी बोलतात ती कोरकू ही मराठीची बोली नाही हे शिक्षकाच्या डोक्यात बसवा. ती मुंडा कुळातली, तिचं नातं संथाली-मुंडारीशी. गोंडी आणि कोलामी द्राविडी. त्यामुळे 'मुलांची अशुद्ध भाषा हळूहळू सुधारा' हा प्रशिक्षणातला ठरलेला सल्ला आमच्याकडे लागूच पडत नाही. सुधारायला तिथे मराठी असायला तर पाहिजे! तुमच्याकडची पावरी, भिली मराठीच्या जवळची, म्हणून तिथे उलटाच घोटाळा होतो. मास्तरला वाटतं पोराला सगळं समजतंय, आणि पोर नुसती मान हलवत असतं.

एक प्रसंग सांगतो. पश्चिम महाराष्ट्रातून नवीन गुरुजी आले होते. माणूस कामाला वाघ. पहिलीतली एक पोरगी रोज दुपारी दप्तर तिथेच टाकून घराकडे पळायची. गुरुजींनी नोंदीत लिहिलं, 'वर्गात लक्ष नाही, अप्रगत.' शेवटी चौथीतल्या तिच्या मावसबहिणीने उलगडा केला. पोरीला लघवीला जायचं असायचं आणि ते मराठीत मागायचं कसं हे तिला येत नव्हतं. घरी जाऊन ती परत यायची, तर इकडे उशीर झाला म्हणून बोलणी. मग ती परत यायचीच बंद झाली.

म्हणून माझा आग्रह असा, की पहिल्या महिन्यात मुलांना मराठी शिकवण्याआधी मास्तरने त्यांचे शब्द शिकायचे. गणितातले नंतर. आधी पाणी, शू, पोट दुखतंय, भूक, घरी जायचंय, भीती वाटते, कोणी मारलं, थांब, ये बस. हजेरीच्या मागच्या पानावर देवनागरीत लिहून ठेवायचे. शिकवणार मुलंच. ती मास्तरच्या उच्चाराला फिदीफिदी हसतात. हसू द्यावं. मास्तरही अडखळतो हे दिसलं की पोरं तोंड उघडतात.

आणि अंगणवाडी ताईला प्रशिक्षणाला बोलवा. ती गावचीच असते, दोन्ही भाषा तिला येतात, मुलांना तीन वर्षांची असल्यापासून ओळखते. तिला श्रोता म्हणून मागच्या रांगेत बसवू नका, पुढे उभी करा आणि तिच्या दिवसाचे पैसे द्या.

सरळरेषा

थोडं वेगळं मत मांडतो. हलके घ्या.

आम्ही शिकलो तेव्हा वर्गात कोण कुठल्या जातीचा, हे माहीतसुद्धा नव्हतं. एका बाकावर बसलो, एकमेकांचे डबे खाल्ले, एकमेकांच्या सायकली पंक्चर केल्या. आता प्रशिक्षण देऊन शिक्षकांना मुलांमधले फरक शोधायला लावायचं आणि मग ते फरक 'साजरे' करायचे, हे परदेशातून आलेलं फॅड वाटतं. चांगला शिक्षक सगळ्यांना सारखंच वागवतो. वाईट शिक्षक दोन दिवसांत सुधारत नाही.

शिवाय शिक्षकाच्या मागे निवडणुकीचं काम, पोषण आहाराच्या नोंदी, रोज एक नवी लिंक. त्यात आता संवेदनशीलता. मग तिचाही अहवाल, पाच फोटो, जिओटॅगसह.

जुना_हेडमास्तर

सरळरेषा यांच्या शेवटच्या परिच्छेदाशी सहमत, पहिल्याशी नाही.

निळी_शाई

@सरळरेषा,

"माहीतसुद्धा नव्हतं" हे ज्याला कोणी उभं केलं नाही तोच म्हणू शकतो. आम्हाला दर वर्षी उभं करायचे. "एससीवाले उभे राहा, शिष्यवृत्तीचा फॉर्म न्यायचाय." चार-पाच जण उभे. बाकीचा वर्ग बघतोय. मधल्या सुट्टीत शेजारच्याने विचारलं, "तुम्हाला फुकट पैसे मिळतात ना रे?" तो मित्रच होता, वाईट हेतू नव्हता. सरही वाईट नव्हते, त्यांना यादी तिसऱ्या तासापर्यंत द्यायची होती. पण त्या दिवसापासून कोण कोणाच्या डब्यातलं खातं याचा हिशेब वर्गात बदलला.

यावर उपाय शिकवायला पाच मिनिटं लागतात. फॉर्म पालकांच्या हातात द्या, किंवा मुलांना एकेकटं कार्यालयात बोलवा. वर्गात जात पुकारायची नाही. संपलं. डोंगरवाट, हे तुमच्या सत्रात नक्की घ्या. 'सर्वांना समान वागणूक' या स्लाइडवर माना सगळेच डोलावतात.

दुसरं, एक खेळ अजिबात घेऊ नका. शिक्षकांच्याच एका प्रशिक्षणात मी तो भोगलाय. सगळ्यांना मैदानावर एका रेषेत उभं करतात आणि वाक्यं वाचतात. 'तुमच्या घरी पुस्तकांचं कपाट होतं, एक पाऊल पुढे.' 'तुमच्या आईवडिलांना दुसऱ्यांच्या शेतावर कामाला जावं लागलं, एक पाऊल मागे.' 'तुम्हाला आडनावावरून कोणी काही बोललं, एक पाऊल मागे.' शेवटी मागे वळून बघा म्हणतात. पुढे कोण होतं आणि मागे कोण, हे वेगळं सांगायला नको. पुढच्यांना गहिवरून आलं, एक बाई रडल्या. मागे उभे असलेले आम्ही काय करायचं होतं? तेच आम्ही सकाळी बसस्टँडवरून येतानाही जाणत होतो. प्रशिक्षकांनी पुढच्यांच्या शिक्षणासाठी आम्हाला फळ्यासारखं वापरलं. नंतर चहाच्या वेळी दोघं-तिघं विचारायला आले, "सर, तुमचं गाव नेमकं कुठलं?"

राहिलं आडनावाचं. सुखदेव थोरात आणि पॉल अटवेल यांनी २००५-०६ मध्ये खाजगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना एकाच तोलाचे अर्ज पाठवून बघितले. फरक फक्त नावात. दलित नावाच्या अर्जाला बोलावणं येण्याची शक्यता उच्चवर्णीय नावाच्या साधारण दोन-तृतीयांश निघाली, मुस्लिम नावाची साधारण एक-तृतीयांश. अर्ज चाळणाऱ्यांपैकी बहुतेक जण मनापासून म्हणाले असते, की आम्ही जात बघत नाही.

क्युबिकलवासी

+१ निळी_शाई. त्या खेळाची आमच्या ऑफिसातही लाट आली होती. आम्ही वाचलो, कारण मीटिंग रूम लहान होती.

ऑफिसातलं सांगतो. दर वर्षी एक ऑनलाइन मॉड्यूल येतं. व्हिडिओ दुसऱ्या स्क्रीनवर म्यूट करून चालू ठेवायचा, मधूनमधून 'नेक्स्ट' दाबायचं, शेवटी प्रश्नमंजूषा. 'सहकारी नको म्हणत असतानाही तिला वारंवार मेसेज करणं: अ) योग्य, ब) अयोग्य, क) परिस्थितीनुसार.' यात आजवर कोणी नापास झालेलं ऐकलं नाही. प्रमाणपत्र मिळतं, एचआरच्या एक्सेलमध्ये हिरवा रंग होतो.

बाकी कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा कायदा तसा ठणठणीत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९७ च्या विशाखा निकालानंतर सोळा वर्षांनी, २०१३ मध्ये तो आला. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे अंतर्गत समिती हवी, अध्यक्ष वरिष्ठ महिला, किमान निम्म्या सदस्य महिला, एक सदस्य बाहेरची. समिती नेमलीच नाही तर ५० हजारांपर्यंत दंड. ठरावीक काळाने जागृतीचे कार्यक्रम घेणंही मालकावर बंधनकारक आहे, आणि त्या एका वाक्यावर अख्खा प्रशिक्षण-धंदा उभा आहे.

आमच्याकडे फरक पडला तो दोन गोष्टींनी. बाहेरच्या सदस्य बाई तिमाहीला एकदा येऊन पँट्रीत बसायला लागल्या. केबिनमध्ये नाही, पँट्रीत. लोक चहा घेता घेता त्यांच्याशी बोलू लागले. आणि रात्रीच्या कॅबचा क्रम बदलला. आधी अंतर बघून रूट लागायचा, त्यामुळे कधीकधी शेवटचं घर एकट्या मुलीचं असायचं. आता सॉफ्टवेअरच तसा रूट लावत नाही. त्यासाठी कोणाच्या मनाचं परिवर्तन करावं लागलं नाही.

अमेरिकेतल्या फ्रँक डॉबिन आणि अलेक्झांड्रा कालेव्ह या समाजशास्त्रज्ञांनी ८०० हून जास्त कंपन्यांची तीसेक वर्षांची आकडेवारी तपासली. मॅनेजर लोकांना सक्तीचं विविधता प्रशिक्षण दिल्यावर पाच वर्षांनी मॅनेजर झालेल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचं प्रमाण सरासरी ९ टक्क्यांनी घटलेलं निघालं. सक्ती केली की माणूस हट्टाला पेटतो, असं त्यांचं म्हणणं. उलट जिथे मॅनेजरांवर नवख्यांना हाताशी धरून वर आणायची जबाबदारी टाकली, तिथे आकडे सुधारले.

अवांतर: स्त्रियांच्या छळाविरुद्ध कायदा आहे, अपंगांसाठी २०१६ चा, तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा आहे. पण खाजगी कंपनीने जात किंवा धर्म बघून नोकरी नाकारली, तर तिला थेट जाब विचारणारा सर्वसमावेशक कायदा आपल्याकडे नाही. त्यामुळे आमच्या मॉड्यूलमध्येही जात येत नाही. आमच्या कँटीनमध्ये मात्र शाकाहारी टेबलं वेगळी आहेत.

सरळरेषा

शाकाहारी टेबलात वाईट काय? मला मासळीचा वास खरंच सहन होत नाही.

क्युबिकलवासी

वास सहन होत नसेल तर लांब बसा ना. टेबलावर पाटी लावली की दुसऱ्याच्या डब्यावर शिक्का बसतो.

रिमझिम_सिएटल

इथल्या दोन-तीन गोष्टी सांगते. विविधता प्रशिक्षणाचा जवळपास सगळा संसार आमच्या गावात नांदून गेलाय.

शिक्षकांसाठी इथे जेम्स बँक्स हे मोठं नाव, वॉशिंग्टन विद्यापीठातले. बहुसांस्कृतिक शिक्षणाच्या पायऱ्या त्यांनी मांडल्या. सगळ्यात खालची पायरी म्हणजे सण, पदार्थ, थोर व्यक्ती. मुलीच्या शाळेत 'कल्चरल नाइट' असते तेव्हा आम्ही समोसे नेतो, पोरी बॉलिवूडवर नाचतात, सगळे खूश. आणि अभ्यासक्रम जिथल्या तिथे. त्याच्या वरची पायरी म्हणजे एखादा धडा मधे चिकटवणं. त्याहून वरची म्हणजे तोच विषय दुसऱ्या बाजूने उभा करून बघणं. तुमच्याकडचं उदाहरण घ्यायचं तर ९ ऑगस्टला, जागतिक आदिवासी दिनी, मुलांना पानं गुंडाळून 'आदिवासी नृत्य' बसवणं ही तळातली पायरी. धरणाचा धडा शिकवताना पाणी कुठे गेलं आणि गाव कुठे गेलं हे दोन्ही विचारणं ही वरची. नर्मदेकाठच्या तालुक्यांत तर हे विचारायला लांब जावं लागणार नाही.

कंपन्यांचं म्हणाल तर स्टारबक्स इथलीच. २०१८ मध्ये फिलाडेल्फियाच्या दुकानात दोन कृष्णवर्णीय माणसांना नुसते बसले होते म्हणून अटक झाली. त्यानंतर २९ मे रोजी कंपनीने अमेरिकेतली आठ हजारांवर दुकानं दुपारभर बंद ठेवून पावणेदोन लाख कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण दिलं. बातम्या प्रशिक्षणाच्या झाल्या. मला स्वतःला जास्त मोलाचा वाटतो तो त्याच्या थोडं आधी बदललेला नियम: काही विकत न घेताही माणूस दुकानात बसू शकतो, स्वच्छतागृह वापरू शकतो. (तो नियम २०२५ च्या सुरुवातीला मागे घेतला, तो भाग वेगळा.)

आणि जात. फेब्रुवारी २०२३ मध्ये सिएटल शहराने भेदभावबंदीच्या यादीत जात घातली, असं करणारं अमेरिकेतलं पहिलं शहर. ठराव आणणाऱ्या क्षमा सावंत पुण्यात जन्मलेल्या, मुंबईत वाढलेल्या. त्या वेळी आमच्या मराठी मंडळींचे व्हॉट्सॲप ग्रुप महिनाभर पेटलेले होते. कॅलिफोर्नियात तसंच विधेयक विधिमंडळात मंजूर झालं, पण ऑक्टोबरमध्ये राज्यपालांनी नकाराधिकार वापरला. २०२५ च्या जानेवारीत तर अमेरिकेच्या केंद्र सरकारची सगळी विविधता खाती गुंडाळायचा आदेश निघाला. मजा अशी, की प्रशिक्षणाचे विभाग एका सहीने गेले, आणि १९६४ चा नागरी हक्क कायदा मात्र संसदेने केलेला, तो अजून उभा आहे.

मेळघाटी

पानं गुंडाळण्याबद्दल शंभर टक्के सहमत. ज्यांच्या घरी सणाचे खरे कपडे पेटीत ठेवलेले असतात, त्या मुलांना शाळेत कागदी पिसं लावतात आणि गालावर पांढरे ठिपके काढतात.

जुना_हेडमास्तर

निवृत्त आहे, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

राज्यस्तरावर प्रशिक्षण ठरते. तेथून जिल्हा, जिल्ह्यातून तालुका, तालुक्यातून केंद्र. ताकात प्रत्येक ठिकाणी एक तांब्या पाणी. शिक्षकापर्यंत पोहोचते ते हजेरीपत्रक. म्हणून 'डोंगरवाट' यांनी वरून आलेली पीपीटी बाजूला ठेवण्याचा जो विचार केला आहे, तो योग्यच.

हा विषय परदेशी फॅड आहे, हे मला मान्य नाही. १९४५ साली ताराबाई मोडक बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांच्या जोडीला आल्या आणि पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर नेले. वारल्यांची मुले शाळेत येत नाहीत, कारण ती गुरे राखतात, हे दिसल्यावर त्यांनी पालकांना व्याख्यान दिले नाही. शाळाच गुरांमागे कुरणात नेली. खडे, बिया, पाने, शिंपले हेच शैक्षणिक साहित्य.

आपल्याकडच्या ऊसतोडीच्या मुलांबद्दल. गावात हंगामी वसतिगृह असेल तर आजी-आजोबांना आधी विश्वासात घ्यावे, मूल त्यांच्याजवळ राहते. जे जाणारच आहे, त्याच्यासोबत शिक्षण हमी कार्ड द्यावे, म्हणजे तिकडच्या शाळेला त्याची पातळी कळते. कार्ड दप्तरात नव्हे, आईजवळ द्यावे. आणि मूल परत आल्यावर त्याला शेवटच्या बाकावर बसवून "आलात का कारखान्यावरून?" असे म्हणू नये. मी हे वाक्य चांगल्या चांगल्या शिक्षकांच्या तोंडून ऐकले आहे. परतलेल्या मुलाला पाच महिन्यांत काय काय दिसले, ते विचारावे. टनाचा भाव, कोयत्याची (तोडणीच्या जोडप्याची) आगाऊ उचल, बैलगाडीचे वजन: चौथीचे गणित त्यात सहज बसते. एका मुलाने मला उचल किती, फिटली किती, राहिली किती, हे तोंडी करून दाखवले होते. तो कागदावरच्या वजाबाकीत नापास होता.

चाळकरी_टीचर

मुंबई महापालिकेच्या शाळांत मराठी, हिंदी, उर्दू, इंग्रजी, गुजराती, तमीळ, तेलुगू, कन्नड अशी आठ माध्यमं आहेत. काही इमारतींत तर एका मजल्यावर एक माध्यम, दुसऱ्यावर दुसरं. मुलं जिन्यात भेटतात. शिक्षक तेवढेही भेटत नाहीत.

आमच्याकडे एक साधी गोष्ट उपयोगी पडली. पालकसभेची सूचना वहीत लिहून देण्याऐवजी मुलाच्या घरच्या भाषेत आवाज रेकॉर्ड करून पाठवायची. ज्या आयांना वाचता येत नाही, त्याही येऊ लागल्या. रेकॉर्डिंग करतात वरच्या वर्गातली मुलं, आणि त्यांचा रुबाब बघण्यासारखा असतो.

जेवणाबद्दल: २०२३ मध्ये पोषण आहारात आठवड्याला एक अंडं आणि न खाणाऱ्याला केळं, असा निर्णय झाला तेव्हा काही ठिकाणी अंडेवाल्यांची आणि केळेवाल्यांची रांग वेगळी लावली. अंडं-केळं एकाच टेबलावर ठेवून मुलांना उचलू द्यायचं, रांग एकच. हेही कोणीतरी प्रशिक्षणात सांगायला हवं होतं.

सरळरेषा

बरं. कोरकू शब्द, शिष्यवृत्तीचा फॉर्म, कार्ड, अंड्यांची रांग, या सगळ्याला माझा विरोध नाही. ही चांगल्या शिक्षकाची कामं आहेत. त्याला 'विविधता प्रशिक्षण' म्हणून वेगळा विषय का करायचा, हे अजून पटलेलं नाही. नाव दिलं की निधी येतो, निधी आला की अहवाल येतो.

निळी_शाई

नाव हवं तर काढून टाका. यादी ठेवा.

डोंगरवाट

सगळ्यांचे आभार, धागा वाचनखूण म्हणून साठवलाय. सध्या ठरलेलं असं. पहिला दिवस पूर्ण भाषेचा. पाड्यांवरच्या अंगणवाडी ताई पुढे, शिक्षक गटागटाने त्यांच्याकडून शब्द लिहून घेणार. मानधनाचं गटशिक्षणाधिकाऱ्यांशी बोलले, 'बघू' म्हणालेत, म्हणजे मागे लागावं लागणार. दुसऱ्या दिवशी प्रत्येक शाळेने आपलीच एक पद्धत तपासायची: यादी कशी पुकारतो, झाडू कोण मारतं, पाणी कोण भरतं, मुलं कुठे बसतात, परतलेल्या मुलाचं काय करतो. झाडूचा तक्ता उघडला की वातावरण तापेल याची तयारी ठेवलीय. रेषेचा खेळ रद्द. निळ्या-तपकिरी डोळ्यांचा तो प्रसिद्ध अमेरिकन प्रयोगही कोणीतरी सुचवला होता, १९६८ मध्ये आयोवातल्या जेन एलियट बाईंनी तिसरीच्या वर्गात केलेला. गोऱ्या मुलांच्या त्या वर्गाला भेदभाव म्हणजे काय हे कळायला खोटा भेद करावा लागला. आमच्या वर्गांना तो लागणार नाही.

एक अडचण आहे. पावरीतले काही आवाज देवनागरीत नीट बसत नाहीत आणि प्रत्येक शिक्षक वेगळंच लिहिणार. मेळघाटी, तुम्ही काय केलंत?

मेळघाटी

लिहिण्यावर भांडत बसू नका. शब्दासमोर ताईचा आवाज मोबाइलवर घ्या, फाइलला शब्दाचंच नाव द्या. ज्याला जसं लिहायचं तसं लिहू दे, बोलताना आवाज ऐकून बोलायचं. मात्र वेगवेगळ्या पाड्यांवरच्या दोन ताई तरी घ्या, शब्द बदलतात. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेकडेही विचारून बघा, छापील काही मिळालं तर उत्तमच. माझा तक्ता वऱ्हाडी मास्तरांसाठी केलेला आहे, पण रकाने तुम्हाला चालतील. फोन नंबर इथे टाकू नका, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाठवतो.